दहा वॅट

सीताबर्डीचा दुकानदार म्हणाला,
कंपनीनं बंद केला तो माल.
मयताला उशिरा पोचलेल्या पाहुण्याला
सांगावं, तशा आवाजात.
मग काडेपेटीएवढं काहीतरी काढलं:
हे न्या, यात पन्नास आवाज आहेत.
मला एकच हवा होता.

माझा लाल होता, जेवणाच्या डब्याहून थोडा मोठा,
पोटात चौकोनी बॅटरी,
टोनचं बटण तुटलेलं, तिथं टूथपेस्टचं झाकण.
वडशाला नाटक कंपनीच्या खोलीत
अकरा जण झोपायचे, बारावा मी.
खलनायक कूस बदलेल पण उठणार नाही
एवढाच वाजवायचो.
वैनगंगा खोलीत शिरली त्या रात्री
गिटार डोक्यावर धरली.
हात दोनच होते.

आरमोरीच्या रमजानभाईंनी फोटो भिंगाखाली धरला,
"याच्या पोटातलं काळं किडूक आता येत नाही.
सापडला तर मलेही दाखवजो, दुरुस्तीले नाही, पाहाले."
लाखांदूरच्या बँडवाल्यांकडे एक होता;
नवरदेवाच्या मामानं थेट खांबाच्या लाईनीला जोडला,
मंगलाष्टकं धुरातच झाली म्हणे.
ब्रह्मपुरीला एका मास्तरांकडे डबा अगदी तोच.
उघडला तर आत
शिवणाच्या रिळी, रंगवार लावलेल्या.
मास्तरीण म्हणाल्या, चहा घ्या.
घेतला.

शेवटी ऑर्गनवाला मोरेश्वर दोनाडकर
तालमीत सुपारी कातरता कातरता बोलला,
"कोंढाळ्याच्या पल्याड एका बांधीत
लाल डबा बोंबलते राती. पाहून ये."

माचीच्या बल्लीला सुतळीनं बांधलेला,
वर खताच्या पिशवीची खोळ,
फवारणी पंपाच्या बॅटरीवर,
आणि त्यातून दर दहा मिनिटांनी
मोबाईलमधला वाघ.
धान लोंबीवर आलेलं. डुकरांचे दिवस.

"इकाचा नाही जी," निरंजना नाकाडे म्हणाल्या.
पोरानं कुरखेड्याच्या बाजारातून दोनशेला आणलेला.
मी दोन हजार काढले.
त्या म्हणाल्या, "हे डुकरायले दाखवू का?
पुसात या. चुरना झाला का घेऊन जा,
दोनशेच द्या."

एकदा लावून पाहू का, म्हटलं.
बटणं सगळी शाबूत, म्हणजे माझा नव्हे.
वायर खुपसली, पहिली तार छेडली
आणि तोच, तोच तो:
कडेला जरासा जळका,
तव्याला लागलेल्या भाकरीसारखा.
मी पाच मिनिटं वाजवलं की अर्धा तास,
मोजणारं कोणी नव्हतं.
बांधाच्या पलीकडे काहीतरी खसफसलं
आणि थांबलं.

"हे वाघाहून बरं हाय," त्या म्हणाल्या, "भरून द्या."
जाडी तार ढिली केली,
त्यांच्या डब्यातला स्टीलचा चमचा तिच्यावरून घासत नेला.
असा गुरगुराट
कंपनीतून मला काढून टाकायला पुरेसा होता.
त्यांनी फोनमध्ये भरला,
दोनदा ऐकला, हसल्या नाहीत.

आता वडशाला खोलीत
गिटारचा खांदा लोखंडी पेटीला टेकवतो,
कान पेटीला लावतो.
आत मेकअपचं सामान, राजाची तलवार,
आणि खूप आतून, पातळ,
माझा हात.

आठव्या दिवशी पहाटे फोन.
"नाकाडे बोलतो जी, कोंढाळ्याहून.
चार राती नाही आले.
आता त्या आवाजाले सवकले.
येतेत, उभे राहतेत, आयकतेत,
मंग खातेत.
दुसरं काही वाजवून धाडा."

अकरा जण झोपलेले.
मी चपला शोधल्या,
गिटार उचलली
आणि नदीकडे गेलो, काय वाजवावं
याचा विचार करत.